अटॅचमेंट, एमबीटी आणि पुणे: थेरपिस्ट मनकवडा नको, विचारणारा बघा

गेल्या वर्षभरात चार-पाच जणांनी मला हेच विचारलंय, पुण्यात अटॅचमेंटवर काम करणारी कोणी चांगली थेरपिस्ट आहे का, नाव सांग ना. नाव मी सांगत नाही. एक तर मला लागू पडली म्हणून तुम्हाला पडेल असं नसतं, आणि दुसरं म्हणजे माझ्या ओळखीतले सगळे एकाच बाईंकडे जायला लागले तर बाहेरच्या खुर्च्यांवर समोरासमोर बसून काय बोलणार आम्ही. पण शोधायचं कसं ते सांगते, कारण मी दोनदा चुकून तिसऱ्यांदा नीट जागी पोचले आणि त्यात पैसेही गेले आणि दीड वर्षही.

आधी अटॅचमेंट आणि एमबीटी हे दोन शब्द नक्की काय आहेत ते बघू, कारण रील बघून जे कळतं त्यावर शोधायला निघालात तर फसाल.

अटॅचमेंट म्हणजे आपला लळा. जॉन बोल्बी नावाचे ब्रिटिश सायकिअ‍ॅट्रिस्ट होते, त्यांचं म्हणणं असं की बाळाला आईचा लळा लागतो तो दूध मिळतं म्हणून नाही, तर भीती वाटली की पळत जायला एक जागा लागते म्हणून. (त्यांना स्वतःला सांभाळणारी आया ते चार वर्षांचे व्हायच्या आतच घर सोडून गेली होती, हे वाचल्यावर मला त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली.) मग मेरी एन्सवर्थ यांनी १९५० च्या दशकात युगांडात घरोघरी जाऊन माता आणि बाळं बघितली, आणि पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला तो प्रसिद्ध प्रयोग केला, साधारण वर्षाचं बाळ, वीसेक मिनिटं, आई खोलीतून दोनदा बाहेर जाते आणि परत येते. गंमत म्हणजे आई गेल्यावर बाळ किती रडतं यापेक्षा ती परत आल्यावर ते काय करतं हे महत्त्वाचं. कुशीत शिरून शांत होतं (हे सिक्युअर), की तोंड फिरवून खेळत बसतं (अव्हॉयडंट), की एकीकडे चिकटतं आणि एकीकडे आईलाच मारतं (अँक्शस). या कशातच न बसणारी, गोंधळलेली, मध्येच थिजून जाणारी बाळं असतात हा चौथा प्रकार मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी नंतर मांडला.

आणि हो, लळा आईचाच लागतो असं काही नाही. आपल्याकडे कितीतरी जण आजीकडे, आत्याकडे, साताऱ्या-कराडला राहून वाढलेत, तर "आई नोकरी करायची म्हणून माझं असं झालं" अशी गाडी लगेच आईवर नेऊ नका.

मोठ्या माणसाचा लळा कसा आहे हे शोधायची पण पद्धत आहे, अ‍ॅडल्ट अटॅचमेंट इंटरव्ह्यू म्हणतात त्याला. तासभर मुलाखत, ती शब्दन् शब्द लिहून काढायची, मग ट्रेनिंग घेतलेला माणूस ती वाचून ठरवतो, तेसुद्धा लहानपणी काय झालं यावरून कमी आणि ते तुम्ही कसं सांगता यावरून जास्त. आता याच्यासमोर बारा प्रश्नांची ऑनलाइन क्विझ ठेवा. टाइमपास म्हणून करा, पण तिचा स्क्रीनशॉट घेऊन थेरपिस्टकडे जाऊ नका. मी गेले होते.

आता एमबीटी. मेंटलायझेशन बेस्ड थेरपी. पीटर फोनागी आणि अँथनी बेटमन या दोघांनी लंडनमध्ये ती उभी केली, मुळात बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर असलेल्या लोकांसाठी, म्हणजे ज्यांचं नातं घटकेत गळ्यात गळा आणि घटकेत टोकाचं वैर असं होतं, जे स्वतःला इजा करून घेतात. त्यांची पहिली ट्रायल १९९९ साली छापून आली. मेंटलायझिंगला मराठीत एक शब्द मला सापडलेला नाही, पण अर्थ असा, की माणूस वागतो त्यामागे मन असतं हे ध्यानात ठेवायचं, त्या मनात काय असेल याचा अंदाज बांधायचा, दुसऱ्याच्याही आणि आपल्याही, आणि हा आपला अंदाज आहे हे विसरायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड. आणि लळ्याला धक्का बसला, म्हणजे आपलं माणूस लांब जातंय असं वाटलं, की नेमकं तेव्हाच हे सगळं बंद पडतं.

बंद पडतं म्हणजे काय होतं, तर तीन गोष्टी. एक, मला वाटतंय म्हणजे ते तसंच आहे. ब्लू टिक दिसली, उत्तर नाही, म्हणजे तो मला टाळतोय, संपला विषय, तो बिचारा चांदणी चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलेला का असेना. दोन, बोलाचीच कढी बोलाचाच भात. ट्रॉमा, ट्रिगर, बाउंड्री, सगळे शब्द तोंडपाठ, तासभर सुंदर बोलायचं आणि आत काही हलत नाही. (हा माझा आजार.) तीन, करून दाखव. प्रेम आहे ना, मग आत्ताच्या आत्ता हिंजवडीहून निघून ये, नाही आलास म्हणजे नाहीये. एमबीटीचा थेरपिस्ट तुम्ही यातल्या कशात अडकलाय ते ओळखतो आणि तिथून तुम्हाला हळूच परत विचार करण्याच्या जागेवर आणतो.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे. आपल्याला वाटतं चांगला थेरपिस्ट म्हणजे मनकवडा, आपण न सांगता ओळखणारा. या प्रकारच्या थेरपीत बरोबर उलटं आहे. तुमच्या मनात काय आहे हे तुमच्याआधी ठामपणे सांगणारा माणूस एमबीटी करत नाहीये, पाटीवर काहीही लिहिलेलं असू दे.

आता शोधाशोध. पहिलं काम कागदपत्रांचं, कंटाळवाणं आहे पण दहा मिनिटांचं. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे डॉक्टर, एमबीबीएस होऊन पुढे एमडी किंवा डीपीएम केलेले, गोळ्या तेच देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे बहुतेक वेळा दोन वर्षांचं एमफिल केलेले आणि रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंद असलेले. त्यांना सीआरआर नंबर असतो, तो मागा आणि आरसीआयच्या साइटवर टाकून बघा, यात अपमान वगैरे काही नसतो, जे खरे असतात ते सहज देतात. बाकी काउन्सेलर, थेरपिस्ट, समुपदेशक हे शब्द लावायला आपल्याकडे फारसं कुणी अडवत नव्हतं, २०२१ चा अलाइड हेल्थकेअरचा कायदा आलाय त्यात हे लोक पण धरलेत. त्यामुळे एमए सायकॉलॉजी केलेली एखादी काउन्सेलर उत्तम असू शकते, माझी तशीच आहे, पण मग तिचं पुढचं ट्रेनिंग आणि सुपरव्हिजन (म्हणजे आपलं काम अनुभवी माणसाला दाखवून घेणं) जास्त खोदून विचारायचं.

एमबीटीचं ट्रेनिंग मुख्यतः लंडनच्या अ‍ॅना फ्रॉइड संस्थेशी जोडलेलं आहे, बेसिक कोर्स तीन दिवसांचा असतो. तीन दिवस. त्यामुळे "एमबीटी ट्रेन्ड" हे दोन शब्द वाचून हुरळून जाऊ नका. कोर्सनंतर केसेस घेतल्या का आणि त्या कुणा अनुभवी माणसाला दाखवून, चुका काढून घेऊन केल्या का, हा खरा प्रश्न. आणि उलटंही आहे, प्रोफाइलवर एमबीटी न लिहिलेली पण सायकोडायनॅमिक (मनात खोल दडलेलं आणि जुनी नाती तपासणाऱ्या) किंवा अटॅचमेंटच्या पद्धतीने वर्षानुवर्षं नीट काम करणारी माणसं पुण्यात भेटतात, त्यांना वगळू नका.

कुठे शोधायचं म्हणाल तर मी सुरुवात सायकिअ‍ॅट्रिस्टकडून करा म्हणेन, ओळखीचे असतील तर उत्तम, त्यांना सांगा की मला गोळ्यांबरोबर किंवा गोळ्यांशिवाय लांब पल्ल्याची, नात्यांवरची थेरपी हवीये, तुम्ही कुणाकडे पाठवता. पैशाची अडचण असेल तर ससूनची सायकिअ‍ॅट्री ओपीडी आहे, तिथेच महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे. सरकारी ठिकाणी गर्दी असते आणि दर आठवड्याला पन्नास मिनिटं निवांत मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका, पण नक्की काय झालंय हे नीट तपासून घ्यायला जागा चांगली. ऑनलाइन यादीत फिल्टर लावून अटॅचमेंट असं टाकाल तर शंभर नावं येतील, कारण तो टॅग आता सगळेच लावतात.

तीन-चार नावं हातात आली की फोन करा. मेसेजवर नको, फोनवर माणूस कळतो. दुपारी एक ते चार नको, आता ते पुणं राहिलं नाही म्हणतात पण कशाला रिस्क. मी हे विचारते: तुम्ही अटॅचमेंटवर काम करता म्हणजे सेशनमध्ये प्रत्यक्षात काय करता? यावर "इनर चाइल्ड हील करतो, सहा सेशनमध्ये सिक्युअर होता येतं" असं आलं तर आभार मानून ठेवून द्या. "ते तुमच्या अडचणीवर आहे, थोडं सांगाल का काय होतंय" असं आलं तर बोलत राहा. मग सुपरव्हिजन कुणाकडे घेता (नाव नको, घेता का एवढं पुरे). मग, माझं रात्री खूप बिनसलं तर काय करायचं, फोन चालेल का. यावर "कधीही करा, मी चोवीस तास आहे" हे ऐकायला फार गोड वाटतं, आणि लळ्याच्या बाबतीत जखम असलेल्या माणसाला तर अमृतच, पण ते टिकत नाही आणि ज्या दिवशी उचलणार नाहीत त्या दिवशी तुम्ही कोसळता. कधी उपलब्ध आहे, कधी नाही आणि नसेन तेव्हा तुम्ही काय करायचं हे आधीच ठरवून सांगणारी व्यक्ती बरी.

आणि पुण्यात एक जादा प्रश्न विचारावाच लागतो, आपण कुठून ओळखीचे तर नाही ना. पुण्यातल्या कुठल्याही दोन माणसांमध्ये एक मावशी असतेच. माझी पहिली थेरपिस्ट माझ्या जावेच्या भिशीतली निघाली, तिने काही सांगितलं नाही कुणाला, पण मी तीन महिने सासरबद्दल एक अक्षर बोलले नाही.

भाषेचंही बघा. मी ऑफिसात इंग्रजी बोलते म्हणून इंग्रजीतच सेशन घ्यायचे, आणि इंग्रजीत मी कायम 'अपसेट' असायचे. मराठीत आल्यावर कळलं की ते कधी रुसणं असतं, कधी धास्ती, कधी हुरहूर, आणि कधी चक्क जळणं. या थेरपीत भावनेला नेमकं नाव देणं हे अर्धं काम आहे, तर ज्या भाषेत तुम्ही भांडता त्या भाषेत थेरपी घ्या.

पहिले तीन-चार सेशन ही परीक्षा समजा, तुमची नाही, त्यांची. माझ्या दुसऱ्या थेरपिस्टने दुसऱ्याच सेशनला सांगून टाकलं, तुम्ही अँक्शस, तुमचा नवरा अव्हॉयडंट. नवऱ्याला तिने कधी बघितलंही नव्हतं. मला मात्र इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, घरी येऊन त्याला तो शब्द महिनाभर फेकून मारला. लेबल मिळालं की कुतूहल संपतं, आणि कुतूहल संपलं की मेंटलायझिंग संपलं.

आताचीचं ऐका. एकदा मी आईशी झालेल्या भांडणाचं सांगत होते, तिने फोनवर मुद्दाम वहिनीचं कौतुक केलं, मला खिजवायला, असं मी तावातावाने सांगतेय, तर बाई म्हणाल्या, "थांबा जरा, मी मागे पडले. फोन आला तेव्हा तुम्ही काय करत होता?" मी वैतागले, हा काय प्रश्न. पण सांगितलं, कुकर लावत होते, प्रमोशन हुकल्याचं त्याच दिवशी कळलं होतं. "ते आईला माहीत होतं?" नव्हतं. "आणि कौतुक ऐकल्यावर पहिल्यांदा काय वाटलं, राग यायच्या आधी?" यावर मी पाच मिनिटं गप्प. ही त्यांची पद्धत, थांबवायचं, मागे न्यायचं, जिथे गाडी रुळावरून घसरली त्या क्षणापर्यंत. आई बरोबर होती की चूक यात त्या पडल्याच नाहीत, "आईला माफ करून टाका" हेही म्हणाल्या नाहीत, आणि लगेच चौथी-पाचवीतलं लहानपण उकरायलाही बसल्या नाहीत. एमबीटीत आत्ता, परवा, या खोलीत काय चाललंय यावर भर जास्त असतो, ज्यांना लहानपणाचं सगळं सांगून मोकळं व्हायचंय त्यांना सुरुवातीला हे कोरडं वाटेल.

दुसरी खूण, चुकल्यावर काय करतात. बाईंनी एकदा घड्याळाकडे बघितलं आणि मी तिथल्या तिथे बंद झाले, हो-नाही एवढंच. त्यांनी ओळखलं काहीतरी झालंय पण काय ते ओळखल्याचा आव आणला नाही. म्हणाल्या, "आत्ता दोन मिनिटांपूर्वी काहीतरी बदललं असं मला वाटतंय, माझ्याकडून काही झालं का?" मी म्हटलं तुम्हाला कंटाळा आलाय. त्या म्हणाल्या, "घड्याळ बघितलं हे खरं आहे, पुढची वेळ सांभाळायची होती म्हणून बघितलं, पण तुम्ही महत्त्वाचं बोलत असताना बघितलं ही माझी चूक. त्यातून तुम्हाला काय वाटलं ते सांगाल?" माझ्या आयुष्यात कुणी असं केलेलं नव्हतं, घरी तर "तुला उगाच काहीही वाटतं" एवढ्यावर विषय मिटायचा. चेहरा मख्ख ठेवून गप्प बसणारे थेरपिस्टही असतात, काहींना ते चालतं, पण लळ्याची अडचण असलेल्यांना तो मख्ख चेहरा भयंकर जातो. एडवर्ड ट्रॉनिक यांच्या 'स्टिल फेस' प्रयोगात आई दोन-तीन मिनिटं निर्विकार चेहरा करून बसते, आणि तान्हं बाळ आधी हसून, मग हात नाचवून तिला परत आणायचा जिवापाड प्रयत्न करतं आणि शेवटी मान फिरवतं. तो व्हिडिओ एकटं असताना बघू नका.

मुलांसाठी शोधत असाल, विशेषतः दत्तक मूल असेल, तर एक गोष्ट ठळक करून वाचा. 'अटॅचमेंट थेरपी' या नावाखाली अमेरिकेत मुलाला जबरदस्तीने धरून ठेवणं, गुंडाळून ठेवणं असले प्रकार चालले, २००० साली कोलोराडोत अशाच प्रकारात एक १० वर्षांची मुलगी गुदमरून गेली. याचा बोल्बींच्या कामाशी काही संबंध नाही. मुलाला धरून ठेवा, उपाशी ठेवा, तुमच्याशिवाय कुणाशी बोलू देऊ नका असं कुणीही सांगितलं तर उठून या. चांगले लोक आई-बाबांबरोबर काम करतात, मूल दारं आपटतं तेव्हा त्याच्या मनात काय असेल यावर.

पैसे. एमबीटीचा मूळ साचा साधारण दीड वर्षाचा आहे, आठवड्याला एक वैयक्तिक सेशन आणि एक ग्रुप. ग्रुप इथे मिळेलच असं नाही, विचारून बघा. नुसतं वैयक्तिक धरलं तरी सुट्ट्या, गणपती, दिवाळी वजा जाता ७० सेशन होतात. समजा फी १५०० आहे, तर १,०५,००० झाले. हा हिशोब पहिल्याच दिवशी करा, कारण पाचव्या महिन्यात पैसे संपले म्हणून थांबणं या थेरपीत वाईट, तिथे नुकताच लळा लागलेला असतो. कमी फीची जागा आहे का हे स्पष्ट विचारा, पुष्कळजण दोन-तीन ठेवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच धरायचंय, पण बहुतेक पॉलिसी अ‍ॅडमिट झाल्यावरच पैसे देतात, त्यामुळे तुमच्या पॉलिसीत ओपीडी आहे का ते बघा. आयटीवाल्यांना कंपनीतून काही सेशन फुकट मिळतात, ती या कामाला पुरत नाहीत, फार तर पुढे कुणाकडे जायचं ते विचारायला वापरा.

वेळ अशी घ्या की जी दर आठवड्याला पाळता येईल, आणि क्लिनिक मेट्रोच्या जवळ असेल तर सोन्याहून पिवळं, मी वनाजहून बसते. ऑनलाइन घेत असाल तर बसायची जागा आधी शोधा. वन बीएचकेत सासूबाई हॉलमध्ये असताना सासूबाईंवर बोलता येत नाही. मी कित्येक सेशन सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून केलेत, वॉचमनला वाटायचं मी नवऱ्याशी भांडून खाली आलेय.

आत्ता या घडीला जीव नकोसा झालाय, हातावर वार करून घेतले जातायत असं असेल तर ही सगळी शोधाशोध बाजूला ठेवा. १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, घरातल्या एकाला बरोबर घेऊन. थेरपिस्ट नंतर शोधता येईल.

आणि सोडायचं झालं तर. पहिलीला मी मेसेजही केला नाही, नुसती गायब झाले. दुसरीला "कामाचा लोड आहे" असं कळवलं. आताच्या बाईंकडे तिसऱ्या महिन्यात मला सोडावंसं वाटलं, तर तेच त्यांना सेशनमध्ये सांगितलं, छातीत धडधडत होतं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मला हे ऐकून थोडं वाईट वाटलं, पण तुम्ही गायब न होता सांगायला आलात, तर कधीपासून वाटतंय ते बोलू या का?" त्यावर आमचे पुढचे चार सेशन गेले. अजून जातेय, मंगळवारी, सव्वासहाला.